श्वसनव्याधीने रुग्णालयात दाखल झालेले बालक आणि इन्फ्लुएन्झाची तपासणी

२०२२ सालच्या श्रावणातील गोष्ट. गिरणाकाठच्या एका खेड्यातून चौदा महिन्यांची बालिका माझ्या भडगाव येथील चिकित्सालयात आणली गेली. घरी कानबाईचा उत्सव नुकताच पार पडला होता. सुरतेहून आलेले पाहुणे परतले होते आणि त्यांतील दोघे-तिघे शिंकत-खोकतच गेले होते. बालिकेस आदल्या दिवसापासून ताप, नासास्राव व शुष्क कास अशी लक्षणे होती. ताप १०२ अंश फॅरनहाइट. स्तनपान करीत होती, खेळवले तर हसतही होती. प्रतिश्यायानुबंधी वातकफज ज्वर असे निदान करून मी औषध दिले व दोन दिवसांनी पुन्हा दाखविण्यास सांगितले. तिचे श्वास मात्र मी मोजले नाहीत. हे प्रारंभीच नमूद करतो. इतरांची उणीव सांगण्यापूर्वी स्वतःची सांगणे बरे.

चौथ्या दिवशी आई घाबरून परत आली. ‘डबा झाला’ हे आजीचे निदान तयारच होते. श्वसनाची गती मिनिटास ५८, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता, आणि बालिका स्तन तोंडात धरून लगेच सोडून देत होती. तिला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे क्ष-किरण चित्र काढण्यात आले, प्राणवायू व प्रतिजैविक सुरू झाले. ते योग्यच होते. नाकातील स्रावाची रॅपिड तपासणीही झाली. ती नकारात्मक आली आणि कागदावर ‘फ्लू नाही’ असे लिहून बालिकेस सामान्य बालकक्षात ठेवण्यात आले. दोन दिवसांनीही ताप हटेना, तेव्हा दुसरा नमुना आरटी-पीसीआर तपासणीसाठी गेला व त्यात एच१एन१ विषाणू आढळला. ऑसेल्टामिविर सुरू झाले तो आजाराचा सातवा दिवस होता. मधल्या काळात शेजारच्या खाटेवरील, जन्मजात हृद्रोग असलेल्या पाच महिन्यांच्या बाळास ताप आला. त्याचाही नमुना सकारात्मक निघाला व त्यास अतिदक्षता विभागात हलवावे लागले. आमची बालिका अकरा दिवसांनी सुखरूप घरी आली.

या प्रसंगात कोणी हेतुपुरस्सर हयगय केली असे नाही. तपासणी करण्यात आली होती. परंतु ती कोणती, कोणत्या दिवशी आणि तिच्या उत्तराचा अर्थ काय, याचा विचार अपुरा पडला. ही तपासणी आपल्या चिकित्सालयात होत नसली, तरी तिचा उपयोग होणार की नाही हे पुष्कळ अंशी आपल्याकडे रुग्ण असतो त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरते. म्हणून हा विषय त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडीत आहे.

नाव आणि चिकित्सा

व्याधीचे नाव ठाऊक नसल्यास वैद्याने लज्जित होऊ नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नामे नसतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. दोषप्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी हा त्यामागील आशय. या वचनाचा आधार घेऊन ‘विषाणूचे नाव कळून काय करायचे, आम्ही दोषानुसार चिकित्सा करतो’ असे म्हणणारे वैद्यमित्र मला अनेक परिषदांत भेटले आहेत. वचन खरे आहे. त्याचा हा उपयोग मला मान्य नाही. नाव न कळल्याची लाज नको असे आचार्य सांगतात, नाव कळण्याचा मार्ग खुला असता ते टाळावे असे सांगत नाहीत. विमानस्थानात रोगविशेषज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान अशी तीन साधने दिली आहेत आणि जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात हा प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित केला आहे. साथीच्या ज्वराकडे पाहण्याची ती दृष्टी आजही उपयोगी आहे. एकाच आठवड्यात एकाच गल्लीतील सहा मुले ज्वर-कासाने येतात, तेव्हा प्रत्येकाचा आहारविहार विचारून भागत नाही.

बालकाच्या बाबतीत अडचण अधिक, कारण ते बोलत नाही. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय हा केवळ याच प्रश्नास वाहिलेला आहे: न बोलणाऱ्या शिशूच्या चेष्टांवरून त्याची पीडा कशी ओळखावी. नमुन्याची तपासणी हा त्याच अनुमानाचा पुढचा टप्पा आहे असे मी मानतो. मात्र तो पुढचा टप्पा आहे. पहिला टप्पा म्हणजे दर्शन-स्पर्शन-प्रश्न, आणि तो गाळून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही.

लक्षणांवरून इन्फ्लुएन्झा ओळखता येतो का?

मोठ्या माणसात साथीच्या दिवसांत बऱ्याच अंशी येतो. बालकात फारच कमी. अमेरिकेतील तीन परगण्यांत २००० ते २००४ या काळात पाच वर्षांखालील बालकांचा अभ्यास झाला व तो २००६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत इन्फ्लुएन्झा सिद्ध झालेल्या दाखल बालकांपैकी केवळ २८ टक्के बालकांत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी इन्फ्लुएन्झाचे निदान केले होते. बाह्यरुग्ण बालकांत हे प्रमाण १७ टक्के होते. सुसज्ज रुग्णालयांतील ही स्थिती आहे. उरलेल्यांच्या कागदावर न्यूमोनिया, दमा, श्वासनलिकादाह, नुसता ज्वर, इतकेच काय पण जंतुसंसर्गाची शंका असेही लिहिलेले असते. ही निदाने चुकीची असतात असे नव्हे. त्यांच्या मुळाशी असलेला हेतू लिहिलेला नसतो.

आपल्या राज्यातील उदाहरण पुणे जिल्ह्यातील वढू परिसराचे आहे. २००९ च्या साथीत व त्यानंतर तेथील ग्रामीण लोकसंख्येत श्वसनाच्या वा तापाच्या आजाराने दाखल झालेल्यांचे नमुने नियमितपणे तपासण्यात आले. सर्व वयोगट मिळून सुमारे पाचांत एकास इन्फ्लुएन्झा होता, आणि त्यांत साथीच्या नव्या विषाणूइतकाच जुन्या, हंगामी विषाणूंचाही वाटा होता. खानदेशातील गावे वढूहून फार वेगळी आहेत असे मानण्यास कारण नाही. आपल्याकडे हा व्याधी कमी दिसतो तो बहुधा शोधला जात नाही म्हणून.

१९१८ साली हाच व्याधी ‘मानमोडी’ या नावाने घरोघर पोहोचला, तेव्हा कारण शोधण्याचे साधनच नव्हते. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम १९३३ मध्ये वेगळा करण्यात आला. २००९ मध्ये साधन होते, पण ते थोड्या ठिकाणी होते. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील स्वाईन फ्लूचा तो पहिला नोंदलेला मृत्यू. आजार सुरू होऊन निदान होईपर्यंत आठवडा उलटला होता. पुढील दिवसांत पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांस आठवत असतील. त्या रांगांत साधी सर्दी असलेले असंख्य लोक होते, आणि ज्यांस खरोखर तपासणीची निकड होती त्यांचे नमुने त्याच ढिगाऱ्यात होते.

या अनुभवानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे अ, ब, क असे तीन वर्ग केले. सौम्य ज्वर-कासाचा ‘अ’ वर्ग: तपासणी नाही, विषाणुरोधक नाही, घरी विश्रांती. तीव्र ज्वर व घशाची तीव्र वेदना, किंवा पाच वर्षांखालील वय, गर्भावस्था, हृदय-फुप्फुस-वृक्काचे जुने विकार असे जोखमीचे कारण असल्यास ‘ब’ वर्ग: तपासणीची आवश्यकता नाही, पण ऑसेल्टामिविरचा विचार. श्वासकष्ट, ग्लानी, नखांची निळसर छटा, बालकात चिडचिड व स्तनपानास नकार असल्यास ‘क’ वर्ग: दाखल करणे, नमुना घेणे व उपचार लगेच. म्हणजे बाह्यरुग्णात सरसकट तपासणी नको आणि दाखल बालकात ती टाळू नये. मला ही विभागणी अत्यंत शहाणपणाची वाटते. दुर्दैव असे की साथीचा गाजावाजा ओसरला की ‘अ’ वर्गातील मुलांच्या पालकांस तपासणी हवी असते व ‘क’ वर्गातील बालकाची राहून जाते.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही येथे जाणून घ्यावी. ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप किंवा तसा पूर्ववृत्तांत, कास, गेल्या दहा दिवसांतील प्रारंभ आणि दाखल करण्याची गरज, हे सर्व असल्यास तीव्र श्वसनसंसर्ग मानतात. ही व्याख्या साथीवर लक्ष ठेवण्यासाठी आहे. दोन-तीन महिन्यांच्या शिशूस इन्फ्लुएन्झात ताप नसतोही. त्याचे दूध सुटते, श्वास मध्येच थांबतो, अंग थंड पडते. ‘ताप नाही म्हणून नमुना नाही’ हा तर्क अशा शिशूस घातक ठरू शकतो.

रॅपिड तपासणीचे गणित

वर सांगितलेल्या बालिकेच्या प्रसंगात सर्व गोंधळ येथे झाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रॅपिड अँटिजेन तपासणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. तिची संवेदनक्षमता साधारणतः ५० ते ७० टक्के व विशिष्टता ९० ते ९५ टक्के किंवा अधिक मानली जाते. हिशेबासाठी ६० आणि ९५ हे आकडे धरू. साथ ऐन भरात असताना शंभर बालके दाखल झाली व त्यांतील वीस बालकांस खरोखर इन्फ्लुएन्झा आहे असे समजू. वीसांपैकी बारा बालकांची तपासणी सकारात्मक येईल, आठ सुटतील. निरोगी नव्हे, पण इन्फ्लुएन्झा नसलेल्या ऐंशी बालकांपैकी चार जणांची चुकून सकारात्मक येईल. आता नकारात्मक उत्तर आलेली बालके ८४, आणि त्यांत इन्फ्लुएन्झा असलेली आठ. म्हणजे दर दहा-अकरा नकारात्मक कागदांमागे एक खोटा. त्या एका बालकास औषध मिळत नाही आणि ते इतरांत मिसळते.

साथ नसताना गणित उलटते. हजार बालकांत वीसांनाच व्याधी असेल, तर खऱ्या सकारात्मक बारा व खोट्या सकारात्मक एकोणपन्नास. त्या काळात सकारात्मक उत्तरावरच शंका घ्यावी लागते. तपासणी तीच, संच तोच. बदलतो तो काळ. आपल्या शास्त्रात निदानास देश-काल जोडण्याचा आग्रह आहे, तो प्रयोगशाळेच्या कागदालाही लागू आहे.

म्हणून दाखल बालकात आरटी-पीसीआर अथवा तत्सम जनुकीय तपासणीच प्रमाण मानावी, रॅपिड तपासणी नकारात्मक आल्यास तिच्या भरवशावर इन्फ्लुएन्झा नाकारू नये, असे अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे. त्याच मार्गदर्शिकेतील दुसरे सूत्र अधिक महत्त्वाचे: शंका असल्यास औषध सुरू करावे, अहवालाची वाट पाहू नये.

नमुना कसा, केव्हा, कशात

विषाणूचे प्रमाण पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असते. बालके मोठ्यांपेक्षा अधिक दिवस विषाणू बाहेर टाकतात, त्यामुळे उशीर झाला तरी नमुना घ्यावाच. पण उशिराच्या नकारात्मक उत्तराचे वजन कमी. नाकाच्या मागील भागातून, कृत्रिम धाग्याच्या स्वॅबने नमुना घेतात. लाकडी काडीचा कापसाचा बोळा चालत नाही, त्यातील द्रव्ये पीसीआरमध्ये अडथळा आणतात. काडी नाकात वरच्या दिशेने न नेता तळाशी समांतर न्यावी लागते. बालक रडते, पालक हात धरतात आणि काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढली जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. असा नमुना नकारात्मक येतो यात नवल नाही. कृत्रिम श्वसनावरील बालकात नाकातील नमुना नकारात्मक असूनही श्वासनलिकेतील स्राव सकारात्मक असू शकतो.

स्वॅब व्हीटीएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रवाच्या नळीत बुडवून, २ ते ८ अंश तापमानात, तिहेरी वेष्टनात, शक्यतो ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. एके काळी आपल्या भागातील नमुने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पाठवावे लागत. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेवर २००९ मध्ये किती भार पडला असेल याची कल्पना करावी. २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरटी-पीसीआरची सोय उभी राहिली. कोविडने आपल्याला दिलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक. तथापि यंत्र असणे आणि इन्फ्लुएन्झाचा संच शिल्लक असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. नमुना पाठविण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारून घ्यावे.

एक सूचना खास आपल्या वर्गासाठी. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घालण्याची रूढी खानदेशात अद्याप आहे. नमुना घेण्यापूर्वी नाकात तेल वा तूप घालू नये, हे तर झालेच. परंतु कासश्वास असलेल्या शिशूच्या नाकात ते मुळीच घालू नये. फुप्फुसात तेल उतरून होणारा न्यूमोनिया भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या नित्य परिचयाचा आहे. प्रतिमर्श वगळता सात वर्षांखाली नस्य देऊ नये असे वाग्भटांनी सांगितलेच आहे. आजीबाईंस हे सांगताना ग्रंथाचा आधार उपयोगी पडतो, असा अनुभव आहे. ‘डबा’ झाला म्हणून पोटावर चटके देण्याच्या प्रथेविषयी, जी मेळघाटात ‘डम्मा’ नावाने ओळखली जाते, निराळे लिहिण्याची गरज नसावी.

उत्तर आल्यावर काय बदलते?

काहीच बदलणार नसेल तर तपासणी हा केवळ खर्च. दाखल बालकात मात्र तीन गोष्टी बदलतात. पहिली विषाणुरोधक औषधाची. ऑसेल्टामिविर ४८ तासांच्या आत सर्वाधिक उपयोगी, पण गंभीर बालकात त्यानंतरही देतात. एक वर्षावरील बालकात मात्रा वजनावर: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, २३ पर्यंत ४५, ४० पर्यंत ६० व त्यापुढे ७५, दिवसातून दोन वेळा, पाच दिवस. शिशूंची मात्रा बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावी. हे औषध २०१७ पासून एच-१ अनुसूचीत आले व सामान्य औषध दुकानांत मिळू लागले. त्यापूर्वी ते मिळविणे हेच दिव्य होते.

दुसरी प्रतिजैविकांची. विषाणू सिद्ध झाला व इतर पुरावा नसला तर ती लवकर थांबविता येतात. परंतु इन्फ्लुएन्झाच्या मागोमाग न्यूमोकोकस वा स्टॅफिलोकोकस फुप्फुसात शिरतात, त्यामुळे गंभीर बालकात सकारात्मक अहवाल हातात पडताच प्रतिजैविक बंद करण्याची घाईही नको. तिसरी गोष्ट खाटेची. बालिकेच्या शेजारी हृद्रोगी बाळ होते हे आठवावे. शंका असतानाच, अहवालापूर्वीच, बालकास स्वतंत्र ठेवणे किंवा किमान खाटांत अंतर राखणे, सोबतच्या मातेस मुखपट्टी देणे, यास पैसा लागत नाही.

आपल्या चिकित्सालयात

एक मिनिट पूर्ण श्वास मोजावेत, बालक शांत असताना, झोपले असल्यास उत्तम. दोन महिन्यांखाली ६० वा अधिक, बारा महिन्यांपर्यंत ५० वा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक गती म्हणजे जलद श्वसन. छाती आत ओढली जाणे, दूध-पाणी न घेणे, सर्व उलटून पडणे, आक्षेप, ग्लानी यांपैकी एकही असल्यास काढा-चाटणाची वेळ संपली. कोविडनंतर पल्स ऑक्सिमीटर गावोगाव आहेत, पण मोठ्यांची चिमटी बाळाच्या बोटावर खोटे आकडे दाखविते. भडगावहून पाचोऱ्यामार्गे जळगाव साठेक किलोमीटर. पावसाळ्यात रात्री वाहन मिळविण्यात जाणारा वेळ हिशेबात धरून निर्णय संध्याकाळपूर्वी घ्यावा.

लंघनाचा अतिरेक बालकात करू नये. स्तनपान चालू ठेवावे. ॲस्पिरिन देऊ नये, यकृत व मस्तिष्कास घातक असा रे यांचा विकार संभवतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी काही पाकिटांत अजून दिसते. ‘एक सुई मारून’ कास दाबण्यासाठी डेक्सामेथासोन देण्याची सवय सर्वांत वाईट: ताप उतरतो, बालक बरे दिसते आणि विषाणूस मोकळीक मिळते. असे इंजेक्शन इतरत्र दिले गेले असल्यास ते चिठ्ठीत अवश्य लिहावे.

चिठ्ठीविषयी. ‘रुग्ण पाठवीत आहे, कृपया पाहावे’ एवढ्या मजकुराचा उपयोग नाही. तापाचा पहिला दिवस तारखेनिशी, घरातील इतरांचा आजार, श्वसनगती व मोजल्याची वेळ, शेवटचे स्तनपान, दिलेली सर्व औषधे, आपली रसौषधीही, आणि शेवटी ‘इन्फ्लुएन्झाची शंका, आरटी-पीसीआरचा विचार व्हावा’ असे एक वाक्य. पहिली तारीख लिहिलेली असल्यास तेथील डॉक्टरास नमुन्याचा दिवस कळतो व नकारात्मक उत्तर किती मानावे हेही ठरविता येते. असे वाक्य लिहिल्याने कोणी रागावल्याचा अनुभव मला आतापर्यंत आला नाही. एकदा तर तेथील तरुण डॉक्टरांनी स्वतः दूरध्वनी करून अहवाल कळविला. तो नकारात्मक होता. बालकास आरएसव्ही निघाला होता. ऑसेल्टामिविर तिसऱ्या मात्रेनंतर थांबविण्यात आले आणि बालक प्राणवायूवर चार दिवसांत सुधारले.